कर्कचा सोनेरी शर्ट सोनेरी होता का? जुन्या विज्ञान-मालिकांचे कपडे, कापड आणि रंग

शनिवारपेठी

नमस्कार मंडळी,

'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेचे (१९६६ ते १९६९, कर्क-स्पॉक-मॅकॉयवाली) भक्त इथे बरेच आहेत, म्हणून धागा इथेच काढतोय.

भाचीला कर्कचा शर्ट हवाय. तयार मिळणारा नको. "मामा, ते चकचकीत पिवळं पोतेरं मी अंगाला लावणार नाही," असं तिने स्वच्छ सांगितलंय. पहिल्या सीझनचा, मूळच्या पोताचा, मूळच्या रंगाचा शर्ट शिवून घ्यायचाय. शिंपी हाताशी आहे, शिलाईची तयारी आहे, घोडं अडलंय ते कापडावर आणि रंगावर.

मी आपला स्क्रीनशॉट काढून रंग उचलत बसलो. एका भागात मोहरी, दुसऱ्यात लिंबाचा पिवळा, तिसऱ्यात चक्क शेवाळी. माणूस तोच, जहाज तेच, शर्टही तोच. मग खरा रंग कुठला धरायचा? आणि कापड नक्की काय होतं? मखमल म्हणावी तर तेवढी चमक दिसत नाही, टॉवेलचं कापड म्हणावं तर तेवढं जाडही नाही.

जाता जाता आणखी एक. भाचीने एका परदेशी साइटवर 'मालिकेत वापरलेला अस्सल शर्ट' म्हणून विकायला ठेवलेला एक नग दाखवला. घ्यायचा अर्थातच नाही, तेवढ्यात गाडी येईल. पण अशा वस्तूचं खरं-खोटं लोक ठरवतात तरी कसं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

काळापांढरा

जागा धरून ठेवतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची तेव्हा आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट संच होता. सोनेरीवाले जरा उजळ दिसायचे, लाल आणि निळे दोन्ही सारखेच करडे. त्यामुळे मरणारा माणूस नेहमी लाल शर्टातला असतो हा विनोद मला कॉलेजात गेल्यावर कळला.

पोटोमॅककर

शनिवारपेठी, बसून घ्या. कर्कचा शर्ट सोनेरी नव्हता. हिरवा होता.

थट्टा नाही. मालिकेचे वेशभूषाकार विल्यम वेअर थाईस. त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की कमांडवाल्यांचं (कॅप्टन आणि जहाज हाकणारे अधिकारी) कापड पिवळसर हिरवं होतं, फिल्मवर ते सोनेरी उमटायचं. लिलावांत आलेल्या शर्टांचे फोटो काढून बघा. २००६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला क्रिस्टीजने मालिकेच्या ४० वर्षांनिमित्त मोठा लिलाव केला, सुमारे १,००० लॉट होते. अशा शर्टांचे साध्या प्रकाशात काढलेले फोटो पाहिलेत तर पहिला शब्द तोंडात येतो तो 'ऑलिव्ह'.

पुरावा मालिकेतच पडलाय. 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' (१९६७) आठवा. केसाळ गोळ्यांच्या ढिगाऱ्यात छातीपर्यंत गाडला गेलेला कर्क. अंगात काय आहे? एकावर एक गुंडाळल्यासारखा, व्ही गळ्याचा हिरवा शर्ट. त्याच भागात चेकॉव्ह मात्र सोनेरीत. आता एकाच जहाजावर, एकाच विभागाला दोन रंग कशाला? थाईसच्या डोक्यात तो एकच रंग होता. कापड बदललं, फिल्मने एक हिरवा दाखवला आणि दुसरा सोनेरी केला. 'कोर्ट मार्शल' आणि 'जर्नी टू बेबल'मधला कर्कचा समारंभाचा पोशाखही असाच, तलम चमकदार कापडाचा. तोही हिरवाच दिसतो.

कापडाचं नाव व्हेलूर. पहिले दोन सीझन व्हेलूर, तिसऱ्यात नायलॉनचं डबल-निट. बदलायचं कारण अगदी घरगुती: व्हेलूर धुलाईत आटायचं. आणि कपडे रोजच्या रोज ड्रायक्लीनिंगला जायचे. शर्ट वर सरकलेले दिसतात ना, ते उगाच नाही.

तिरपागडा

हे 'मुळात हिरवा होता' प्रकरण मला कधीच पटलेलं नाही. अहो, टीव्हीसाठी बनवलेला कपडा हा पडद्यावर दिसण्यासाठीच असतो. पडद्यावर सोनेरी, खेळण्यांच्या खोक्यावर सोनेरी, पुस्तकांत सोनेरी, नंतर आलेल्या मालिकांतही तो सोनेरीच धरलेला. मग गोदामात टांगलेला शर्ट हिरवा होता याला किती महत्त्व द्यायचं? नटाच्या चेहऱ्यावरचा मेकअपही जवळून केशरी दिसतो, म्हणून आपण 'नट मुळात केशरी होता' म्हणतो का?

बाकी सेटवरच्या पिवळ्या दिव्यांमुळे हिरव्याचा सोनेरी झाला असणार, यात एवढं गूढ काही नाही.

रंगारी_माटुंगा

तिरपागडा, तुमचा पहिला मुद्दा विचार करण्यासारखा आहे, त्यावर नंतर येतो. दुसरा मात्र साफ चूक.

पिवळ्या दिव्यांनी तसं होत नाही. त्या काळची ईस्टमन कलर निगेटिव्ह (५२५१, संवेदनशीलता ५० एएसए) टंगस्टन दिव्यांसाठीच बनवलेली होती. म्हणजे ३२०० केल्विनच्या पिवळ्या उजेडात पांढरा कागद धरला तर फिल्मवर तो पांढराच येणार. दिव्यांचा पिवळेपणा फिल्मने आधीच हिशेबात धरलेला असतो. दिव्यांमुळे सगळं पिवळं झालं असतं तर कर्कचा गुंडाळीचा शर्टही पिवळा व्हायला हवा होता. तो हिरवाच राहिला.

मी यूडीसीटीत शिकलो आणि सगळी नोकरी प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, शेड जुळवण्यात गेली, म्हणून हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आमच्याकडे लाइट बॉक्स असतो. एका खोक्यात वेगवेगळे दिवे: दिवसाच्या उजेडाचा डी-६५, दुकानातल्या ट्यूबचा टीएल-८४, घरच्या पिवळ्या बल्बचा ए. पार्टीने दिलेला नमुना आणि आपली लॅब-डिप (लॅबमध्ये रंगवलेला नमुन्याचा तुकडा) शेजारी ठेवायची आणि बटणं दाबत जायचं. डी-६५ खाली दोन्ही तुकडे हुबेहूब, आणि ए लावला की आपला तुकडा लालसर झाला. याला मेटामेरिझम म्हणतात. दोन कापडांनी परतवलेला उजेड मुळात वेगळा असतो, एका दिव्याखाली डोळा फसतो, दुसऱ्याखाली पकडतो.

आता डोळ्याच्या जागी फिल्म ठेवा. फिल्मचे तीन थर डोळ्याप्रमाणे बघत नाहीत. काही कापडं गडद लाल पट्ट्यातला उजेड भरपूर परत फेकतात. डोळ्याला तो जेमतेम दिसतो, पण फिल्मच्या लाल थराला दिसतो. निळी फुलं फिल्मवर गुलाबट यायची, हा जुन्या फोटोग्राफरांचा नेहमीचा अनुभव, त्याचं कारण हेच. टंगस्टनच्या उजेडात लाल ठासून भरलेला असतो. हिरव्यात लाल मिसळला की उजेडाच्या हिशेबात पिवळा तयार होतो. व्हेलूरच्या रंगात हे घडलं आणि दुसऱ्या कापडाच्या रंगात घडलं नाही, असा माझा तर्क आहे. 'हिरवा' म्हणून दोन्ही डोळ्याला सारखे दिसले असतील, पण वेगळ्या धाग्याला वेगळा डाय लागतो आणि तिथेच सगळा फरक पडतो.

शिवाय व्हेलूरला लव असते. लव वरच्या दिशेने असेल तर रंग गडद, खालच्या दिशेने असेल तर फिका आणि चमकदार. कर्क वळला की खांदा एका शेडचा, पोट दुसऱ्या शेडचं. तुम्ही स्क्रीनशॉटमधून उचललेले तीन रंग एकाच शॉटमध्ये सापडले तरी मला नवल वाटणार नाही.

फणसाचे_गरे

भारी चाललाय धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मालिका रंगीत ठेवण्यामागे धंदाही होता. एनबीसीची मालक कंपनी आरसीए, आणि आरसीएला रंगीत संच खपवायचे होते. म्हणून लाल, निळा, सोनेरी असे ठसठशीत गट. पहिल्या पायलटमध्ये (मालिकेआधीच्या चाचणीच्या भागात) लाल गट नव्हताच, तो मालिका सुरू होताना आला. जहाजाची संपर्क अधिकारी उहुरा तर सुरुवातीच्या एक-दोन भागांत सोनेरीत आहे, मग लाल झाली.

पोटोमॅककर

बरोबर. उहुराचा लाल पोशाख इथे वॉशिंग्टनला नॅशनल म्युझियम ऑफ आफ्रिकन अमेरिकन हिस्टरी अँड कल्चरच्या संग्रहात आहे.

संग्रहालयात बघून रंग ठरवायचा विचार असेल तर जरा सबुरी. जुन्या कापडांसाठी ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवायचा हा जगभरचा दंडक आहे, कारण एकदा उडालेला रंग परत येत नाही. एवढ्या मंद उजेडात लाल बुजतो, निळा-हिरवा त्या मानाने उठून दिसतो. आणि काचेपलीकडे फोनने फोटो काढलात की फोन स्वतःच्या मनाने पांढरा ठरवणार. म्हणजे संग्रहालयात जाऊन आलेल्या दोन माणसांचं रंगावरून भांडण होणार हे ठरलेलं.

आता स्क्रीनशॉटचं. कुठली आवृत्ती बघताय? जुनी डीव्हीडी आणि २००६ नंतरची नव्याने स्कॅन केलेली आवृत्ती यांत रंग वेगळे लावलेत. रंग लावणारा माणूस वेगळा, त्याचा मॉनिटर वेगळा. त्यात छायालेखक जेरी फिनरमनची खोड: सेटच्या भिंती करड्या, आणि त्यांवर रंगीत जिलेटिन लावून जांभळा, हिरवा, केशरी उजेड सोडायचा. कर्क त्या झोतात शिरला की त्याच्या खांद्यावर जांभळट कड. तिथून रंग उचलला तर भाची शेवाळी होऊन फिरेल.

जुन्या चाहत्यांकडे फिल्मचे सुटे तुकडेही असतात. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या लिंकन एंटरप्रायझेसने ते स्मरणवस्तू म्हणून विकले होते. 'हे तर खरं फिल्म, यात रंग खरा' असं वाटेल. त्यातल्या बहुतेकांचा सायन (निळसर-हिरवा) रंग उडून फ्रेम गुलाबी-लाल झालीये. त्यावरून ठरवलं तर कर्क वीटकरी होईल.

फिल्म-लॅबची एक हकीकत तर चाहत्यांत प्रसिद्धच आहे. 'द केज' या पहिल्या पायलटसाठी हिरव्या कातडीच्या बाईचा मेकअप तपासायला शूटिंग केलं. फिल्म धुऊन आली तर बाई गोरीपान. पुन्हा जास्त हिरवा फासला, पुन्हा गोरी. लॅबवाल्यांना वाटत होतं काहीतरी बिघडलंय, ते इमानेइतबारे हिरवा काढून टाकत होते.

तिरपागडा

हाहा, ही गोष्ट माझ्याच बाजूची आहे. रंग लॅबमध्येही ठरतो. म्हणजे 'मूळ रंग' शोधायला निघालात तर कुठे थांबणार? रंगाऱ्याच्या पातेल्यात? माझ्यासाठी मूळ म्हणजे लोकांच्या घरात संचावर जे दिसलं ते.

सुईदोरा

तिरपागडा, तुम्ही प्रेक्षक म्हणून बोलताय. शिवणाऱ्याला तसं म्हणून चालत नाही हो. माझ्या टेबलावर कापड येणार, त्याला एकच रंग असणार. आधी ठरवा की शर्ट तेव्हाच्या शर्टासारखा हवाय की पडद्यासारखा. दोन्ही अस्सल, पण एका शर्टात बसत नाहीत.

नाटकांचे आणि एकांकिकांचे कपडे शिवते, तेव्हा कापडाबद्दल थोडं सांगते.

व्हेलूर म्हणजे विणलेलं (निटिंगचं) लवदार कापड. मखमल हातमागा-यंत्रमागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी होते, तिला ताण नसतो. व्हेलूरला दोन्ही हातांनी ओढून बघा, येतं. कडेला कापलेल्या जागी मखमलीचे धागे सुटतात, व्हेलूरची कड गुंडाळते. दुकानात 'वेलवेट' म्हणून जे ताणाचं, पाण्यासारखं चमकणारं मिळतं ते पॉलिस्टर-स्पॅन्डेक्स. भाचीच्या पोतेऱ्याचं मूळ तेच. ते घेऊ नका. होजिअरीवाल्यांकडे ट्रॅकसूटसाठी कॉटन किंवा कॉटन जास्त असलेलं व्हेलूर विचारा. त्याची लव आखूड आणि कोरडी असते, उजेड गिळते. पडद्यावर जी मऊ छाया दिसते ती तशा कापडाची.

कापताना सगळे भाग एकाच दिशेने. पाठ एकीकडे आणि पुढचा भाग उलटा कापला तर शर्ट दोन रंगांचा दिसतो आणि मग गिऱ्हाईक म्हणतं कापड खराब. मी लव वरच्या दिशेने ठेवते, रंग खोल दिसतो.

बाह्या रॅगलन आहेत, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण, खांद्यावर जोड नाही. नेहमीची बाही लावली तर लांबूनही खोटा दिसेल. गळ्याची पट्टी काळी.

काळापांढरा

सुईदोरा ताई, ती मनगटावरची सोनेरी पट्टी कसली असते? आम्हाला ती पांढरी दिसायची.

सुईदोरा

ती नागमोडी जरीची बारीक लेस. सरळ पट्टी नाही, नीट बघितलं तर लाटा दिसतात. कॅप्टनला दोन अखंड आणि मध्ये एक तुटक. स्पॉक कमांडर, त्याला दोन अखंड. साध्या लेफ्टनंटला एक. स्वस्त तयार शर्टांत तिन्ही अखंड लावून मोकळे होतात.

रंगारी_माटुंगा

जरीवरून खरं-खोटं ओळखायचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो. पैठणी घेताना आपण जरीचा काठ उलटसुलट करून बघतो, तोच डोळा इथे लावायचा. १९६० च्या दशकात अमेरिकेत अशा लेसमध्ये बहुतेक ल्युरेक्स जातीचा धागा असायचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा दोन पारदर्शक प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांत दाबून कापलेली बारीक फीत. १९४० च्या दशकातली शोधवस्तू आहे. भिंगाखाली तो धागा गोल नसतो, सपाट चपटा फितीसारखा दिसतो. ॲल्युमिनियम असल्यामुळे तो तांब्याच्या जरीसारखा हिरवट-काळा पडत नाही. पडतो तो निस्तेज, कारण वरच्या पापुद्र्याचा सोनेरी रंग विटतो आणि खालची चांदी उघडी पडते. वळणांवर, जिथे लेस मुडपली, तिथे आधी.

विकायला ठेवलेल्या 'अस्सल' शर्टाबद्दल. मला असा नग हातात दिला तर मी बाहेरून बघणारच नाही. उलटा करेन आणि काखेतली शिवण उघडून आतला दुमडलेला भाग बघेन. या भागाला उजेड लागलेला नसतो. बाहेरचा रंग आणि आतला रंग यांत फरक असायलाच हवा. पन्नास-साठ वर्षांच्या कपड्याला आत-बाहेर एकच रंग असेल तर एक तर तो आयुष्यभर पेटीत होता, नाही तर नवा आहे. आणि मूळ शेडबद्दल जो वाद तुम्ही घालताय, त्याचं सगळ्यात जवळचं उत्तर त्याच अर्ध्या इंचात असतं. तिथला हिरवा बघा, लिलावाच्या कॅटलॉगमधला नाही.

फरकाची जातही बघायची. उजेडाने उडालेला रंग खांद्यावर आणि बाहीच्या वरच्या बाजूला जास्त, काखेत कमी. कुणी मुद्दाम चहाच्या पाण्यात किंवा ब्लीचमध्ये जुनवला असेल तर सगळीकडे सारखा उडतो, शिवणीच्या दोऱ्यासकट. घामाने गेलेला काखेत वेगळाच डाग देतो.

अस्तर ॲसिटेटचं असेल तर आणखी एक खूण. ॲसिटेटवरचे जुने निळे डाय हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी, म्हणजे गॅसच्या शेगड्या आणि गाड्यांच्या धुराने, लालसर-जांभळे होतात. अंधाऱ्या कपाटातही. हे खोटं करून दाखवणं सोपं नाही.

फणसाचे_गरे

काका, जाळून बघतात ना? कॉलेजात असताना आम्ही सुताचा धागा जाळून बघायचो.

रंगारी_माटुंगा

बघतात, पण शिवणीतला सुटलेला एक धागा घेऊन, तोही मालकाला विचारून! सूत कागदाच्या वासाने जळतं, मऊ राख राहते. नायलॉन आधी वितळतं, मग कडक मणी होतो. लोकर केसांसारखी जळते. ॲसिटेटला व्हिनेगरचा वास, आणि ॲसिटोनमध्ये ते विरघळून जातं, त्यामुळे नेलपॉलिश रिमूव्हर जवळ आणू नका. पण मी मायक्रोस्कोपच पसंत करतो. सूत पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखं दिसतं, नायलॉन गुळगुळीत काचेच्या कांडीसारखं, लोकरीला खवले. पाच मिनिटांचं काम, आणि वस्तू शाबूत राहते.

जांभळ्या दिव्याखाली, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटखाली, कापड निळं-पांढरं चमकलं की लोक 'नकली' म्हणून मोकळे होतात. घाई करू नये. कपडे चमकवणारी द्रव्यं १९६० च्या दशकातल्या साबणांतही होती. उलट शिवणीचा दोराच तेवढा चमकला आणि कापड नाही, तर विचारायचं की हा दोरा नंतर कुणी घातला.

पोटोमॅककर

काकांच्या पोस्टला +१. कापडापलीकडच्या खुणा मी जोडतो.

आतली नावाची पट्टी. कॉस्च्युम हाउसचा कपडा असेल, उदाहरणार्थ वेस्टर्न कॉस्च्युम कंपनीचा, तर नटाचं नाव आणि मापं टाइप केलेलं लेबल असतं. मात्र लेबल उसवून दुसऱ्या कपड्याला लावता येतं, म्हणून त्याच्या टाक्यांखालचं कापड बघायचं. साठ वर्षं तिथेच असेल तर खाली रंग ताजा असतो. चेनवरचं नाव बघायचं, तेव्हा अमेरिकेत टॅलन कंपनीच्या चेनचं राज्य होतं.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे पडद्याशी जुळवणी. लेस हाताने लावलेली, त्यामुळे प्रत्येक शर्टात लाटेचं वळण शिवणीशी वेगळ्या ठिकाणी येतं. बिल्ला किती तिरका, त्याचं टोक तिरक्या शिवणीपासून किती बोटं दूर, कुठे रफू. हे सगळं एका स्पष्ट क्लोजअपशी जुळलं तर रंगाची चर्चा करायचीही गरज उरत नाही.

आणि मोठ्या लिलावघराचं नाव म्हणजे शिक्का नव्हे. त्याच २००६ च्या लिलावात एकाने पुढच्या स्टार ट्रेक मालिकेतल्या डेटा या यंत्रमानवाची पत्ते खेळतानाची टोपी काही हजार डॉलरला घेतली. नंतर ती सही घ्यायला नट ब्रेंट स्पायनरकडे नेली, तर त्याने सांगितलं ही ती नव्हेच. प्रकरण कोर्टात गेलं.

स्टुडिओ कपडे पुन्हा पुन्हा वापरायचे हेही लक्षात ठेवा. तिसऱ्या सीझनमधल्या कर्नल ग्रीनचा लाल सूट पुढे दुसऱ्याच एका मालिकेत रॉबिन विल्यम्सने केलेल्या मॉर्क या पात्राच्या अंगात गेला. त्यामुळे उसवून पुन्हा शिवलेल्या खुणा दिसल्या तर लगेच नाक मुरडू नये.

तिरपागडा

मान्य, शिवणीतला अर्धा इंच हा मुद्दा जोरदार आहे. पण रंगीत फिल्मचं ठीक. कृष्णधवल मालिकांचं काय करणार? तिथे तर माझंच म्हणणं चालणार, करडा हाच मूळ रंग.

पोटोमॅककर

तिथे तर गंमत जास्त! जॉर्ज रीव्ह्जचा 'ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन' (१९५२ ते १९५८). पहिले दोन सीझन कृष्णधवल, आणि त्यांत सुपरमॅनचा पोशाख निळा-लाल नव्हता, तपकिरी-करडा-पांढरा होता. कारण निळा आणि लाल करड्यात एकमेकांत मिसळून गेले असते, छातीवरचं चिन्ह दिसलंच नसतं. पुढे रंगीत फिल्मवर चित्रण सुरू झालं तेव्हा निळा-लाल आला. आता सांगा, पहिल्या सीझनचा अस्सल पोशाख शिवून कुणी तपकिरी सुपरमॅन म्हणून फिरलं तर तुम्ही त्याला खोटा म्हणाल?

तिरपागडा

खोटा नाही, धाडसी म्हणेन.

फणसाचे_गरे

बीबीसीच्या 'डॉक्टर हू'मध्ये याहून गुंता आहे. जॉन पर्टवी डॉक्टरच्या भूमिकेत होता त्या काळातले (१९७० नंतरचे) काही भाग रंगीत चित्रित झाले, पण रंगीत टेपा पुसल्या गेल्या, उरल्या फक्त विक्रीसाठी काढलेल्या कृष्णधवल फिल्म-प्रती. त्या फिल्मवर रंगाचा सिग्नल बारीक ठिपक्यांच्या जाळीच्या रूपात चुकून उमटला होता. प्रोग्रॅम लिहून त्या ठिपक्यांतून रंग परत काढला. 'द माइंड ऑफ एव्हिल' २०१३ मध्ये डीव्हीडीवर आलं ते असं, आणि त्याच्या पहिल्या भागात ठिपके पुरेसे नव्हते म्हणून तो हाताने रंगवला. पर्टवीची मखमली जाकिटं बघून कुणी रंग ठरवणार असेल तर आधी हे तपासावं की आपण टेप बघतोय, ठिपके बघतोय की कुणाचा ब्रश बघतोय.

अवांतर: पर्टवीनंतरचा डॉक्टर टॉम बेकर, त्याचा तो लांबलचक मफलर. वेशभूषाकार जेम्स ॲचिसनने विणणाऱ्या बेगोनिया पोप बाईंना बरीच लोकर दिली, त्यातली हवी ती निवडावी म्हणून. बाईंनी सगळीच विणून टाकली. चाहते आजही त्यातल्या एकेका पट्ट्याच्या लोकरीची शेड जुळवत बसलेत.

सुईदोरा

बाई माझ्याच जातकुळीतल्या. लोकर परत कोण देतं!

रुपेरी कपड्यांबद्दलही एक सांगून ठेवते, कारण पुढचा हट्ट कुणाचा तरी सायबरमॅनचा ('डॉक्टर हू'मधले ते रुपेरी खलनायक) असणार. जुनं पीव्हीसी चिकट होतं, आतलं तेल बाहेर येतं. फोमचे भाग बोटाने दाबले की भुगा. म्हणून 'साठच्या दशकातला अस्सल रुपेरी सूट' नव्यासारखा लवचीक असेल तर मी दुकानदाराकडे एकदा नीट बघेन.

शनिवारपेठी

मंडळी, साष्टांग नमस्कार. धागा भाचीला वाचायला दिला. तिचा निकाल: हिरवा. "सगळे सोनेरीत येणार, मला कुणी विचारलं तर सांगायला गोष्ट आहे."

रंगारी काका, दोन शंका. हिरवं कापड घेतलं तर फोनच्या फोटोत ते फिल्मसारखं सोनेरी येईल का? तसं झालं तर तिरपागडाही खूश. आणि हवी ती शेड बाजारात नसेल तर घरी रंगवता येईल का?

रंगारी_माटुंगा

फोटोत सोनेरी येणार नाही. फोनच्या सेन्सरपुढे गडद लालच्या पलीकडचं कापणारा फिल्टर असतो, फिल्मची ती खोड त्याला नाही. हिरवा हिरवाच येईल.

रंगवायचं तर कॉटन व्हेलूर पांढरं किंवा फिकट पिवळं घ्या. रिॲक्टिव्ह डाय, मीठ, सोडा, पाणी ६० अंशांच्या आसपास. पिवळा भरपूर, निळा अगदी चिमूट, आणि शेवटी तपकिरीचा किंचित हात, नाहीतर पोपटी होईल. आधी हातरुमालाएवढ्या तुकड्यावर करून, वाळवून बघा. ओला तुकडा नेहमी गडद दिसतो. वाळलेला तुकडा खिडकीत, पिवळ्या बल्बखाली आणि कार्यक्रमाच्या हॉलमध्ये असतात तसल्या एलईडीखाली, तिन्हीकडे बघायचा. पॉलिस्टर निघालं तर नाद सोडा, त्याला १३० अंश आणि दाबाचं मशीन लागतं. घरातल्या पातेल्याचं काम नाही.

तिरपागडा

फोटो टाकाच. मी माझ्या संचावर सॅच्युरेशन वाढवून सोनेरी करून बघीन.

सुईदोरा

शनिवारपेठी, रंगवून झालं की कापायच्या आधी कापड दोनदा गरम पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात बेंबी दिसेल. मूळच्या शर्टांचं तेच झालं होतं, पण एवढं अस्सल नको.

लेस रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. दुकानदाराला स्टार ट्रेक वगैरे सांगत बसू नका, 'नागमोडी जरीची, पाव इंची, फिकी सोनेरी' एवढंच म्हणा. चार मीटर घ्या. दोन बाह्यांना तेवढी लागत नाही, पण तुटक पट्टीचे तुकडे कापताना टोकं उसवतात, मेणबत्तीवर हलकेच धरून बंद करावी लागतात आणि निम्मे तुकडे जळतात.

शनिवारपेठी

चार मीटर, फिकी सोनेरी. लिहून घेतलं. शनिवारी जातो.